टेबलटॉप रोलप्लेइंगमधले खलनायक आणि समावेशक पात्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खलनायक आणि समावेशक पात्रे हे दोन विषय एकत्र का घेतले आहेत?

कारण टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र खेळत आणि फासे टाकत एकत्र कथा रचण्याच्या खेळात, दोन्हीकडे पात्र फसते ते एकाच जागी. खलनायक उभा करताना घाई झाली की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, त्याच्या कुळावर, चेहऱ्यावरच्या व्रणावर किंवा 'तो वेडा आहे' एवढ्या एका वाक्यावर भिस्त ठेवतो. आणि पात्रांमध्ये विविधता आणताना घाई झाली की एखादी ओळख वरून चिकटवून काम झाले असे मानले जाते. दोन्ही वेळा जेथे त्या व्यक्तीचा निर्णय दिसायला हवा होता, तेथे तिच्या गटाचे नाव येऊन बसते. टेबलावर पात्र जिवंत होते ते त्याला काय हवे आहे, त्यासाठी ते काय मोजायला तयार आहे आणि कोणती गोष्ट ते काही झाले तरी करणार नाही, यांवरून. पुढची बहुतेक उत्तरे याच धाग्याने जातात.

कादंबरीतला खलनायक आणि टेबलावरचा खलनायक यांत फरक काय?

कादंबरीतला खलनायक लेखकाच्या सोयीने बोलतो, नायक त्याला मध्येच तोडत नाहीत आणि त्याचे रहस्य नेमक्या प्रकरणात उघड होते. टेबलावर नायकांची सूत्रे चार-पाच जिवंत माणसांच्या हातात असतात, आणि त्यांना भाषण ऐकून घ्यायचे नसेल तर दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी धनुष्य ताणते. फाशांचा कौल कोणाच्याही मनासारखा पडत नाही. शिवाय वाचकाला खलनायकाचे मन आतून दाखवता येते; खेळाडूंना मात्र त्यांची पात्रे जे पाहतात आणि ऐकतात तेवढेच कळते. दहा पानांचा भूतकाळ वहीत लिहून ठेवला आणि तो एकाही प्रसंगात उतरला नाही, तर खेळाडूंच्या लेखी तो घडलेलाच नसतो. म्हणून खलनायकाविषयी लिहिलेल्या प्रत्येक ओळीला 'हे खेळाडूंना कोणत्या कृतीतून दिसेल?' असे विचारावे, आणि जिला उत्तर सापडत नाही ती ओळ खुशाल खोडावी.

खलनायक घडवायला सुरुवात कोठून करावी?

त्याला काय हवे आहे येथून, आणि ती इच्छा शक्य तितकी नेमकी असावी. 'जगावर राज्य करायचे आहे' ही इच्छा टेबलावर फारशी कामाला येत नाही, कारण पुढच्या सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या पुढच्या बैठकीत, तो नक्की काय करील हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. डोंगरखिंडीतल्या एका तटबंदीच्या नगराचा कोठारप्रमुख घ्या. वेढ्याच्या काळात त्याने धान्याचे काटेकोर वाटप केले, त्यामुळे नगर तगले, आणि लोक आजही त्याचे उपकार मानतात. वेढा उठून बरीच वर्षे झाली तरी त्याची यादी बंद झालेली नाही. नगर पुन्हा उपाशी राहू नये एवढेच त्याला हवे आहे, आणि त्यासाठी ज्यांचा नगराला 'उपयोग नाही' अशांची नावे तो दर हंगामात यादीतून कमी करतो. नाव गेलेल्या माणसांना रात्री वेशीबाहेर काढले जाते. इच्छा रास्त आहे, किंमत भयंकर आहे, आणि ती किंमत तो स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्यांच्या जिवाने चुकवतो. माझ्या मते चांगल्या खलनायकाचा गाभा हाच असतो.

आता त्याची पहिली भेट. पात्रे दमूनभागून नगरात येतात. कोठारप्रमुख स्वतः उठून त्यांना बसायला जागा देतो, प्रत्येकाचे नाव विचारतो, अक्षर चुकू नये म्हणून ते पुन्हा उच्चारून घेतो आणि वहीत नोंद करून शिधा मोजून देतो. माप काठोकाठ भरलेले असते. वही मिटताना पात्रांना दिसते की त्याच पानावर वरच्या चार नावांवर पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ आहे, आणि त्या रेघेची शाई अजून ओली आहे. या प्रसंगात धमकी नाही, भाषण नाही, तलवार नाही. तरी बहुतेक खेळाडू येथे सरसावून बसतात. ही ओली रेघ निरीक्षणाच्या फाशावर सोडू नये. ज्या माहितीवाचून कथा पुढे सरकणार नाही ती एका पडलेल्या फाशामुळे अडून राहिली, तर नुकसान सगळ्यांचेच होते.

शेवटी त्याची मर्यादा ठरवावी. हा माणूस वहीत खोटी नोंद कधीही करत नाही. हा त्याचा अभिमान आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही आहे, कारण वही हाती लागली तर त्याचा गुन्हा त्याच्याच अक्षरात सापडतो. मर्यादा नसलेला खलनायक मोठा भासतो खरा, परंतु त्याच्याविरुद्ध डाव रचायला खेळाडूंना काही धरताच येत नाही.

प्रत्येक खलनायकाचा भूतकाळ सहानुभूती वाटावी असा असायला हवा का?

नाही. हेतू समजणे आणि कीव येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. निव्वळ हावेपोटी वागणारा खलनायकही परिणामकारक ठरतो, फक्त त्याची हाव कशाची आहे हे ठाऊक असावे. उलट प्रत्येक क्रूर माणसामागे बालपणीचा आघात दाखवण्याची सवय लागली, तर आघात सोसलेली माणसे पुढे क्रूर होतात असा एक चुकीचा आणि दुखावणारा अर्थ हळूहळू टेबलावर रुजतो.

खेळाडूंनी खलनायकाला पहिल्याच भेटीत मारले तर काय करावे?

मरू द्यावे. ऐनवेळी त्याला अदृश्य करणे किंवा फाशाचा आकडा पडद्याआड बदलणे हे खेळाडूंच्या लक्षात येते, आणि एकदा आले की पुढच्या प्रत्येक विजयावर त्यांचा विश्वास बसत नाही. कोठारप्रमुख मेला तरी वही उरते, ती यादी आवश्यक आहे असे मानणारे नगर उरते आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला मदतनीसही उरतो. जो हेतू एकाच माणसासोबत संपतो तो मुळातच एखाद्या सेशनपुरता होता असे समजावे.

खलनायकाचे अस्तित्व जाणवण्यासाठी तो प्रत्येक वेळी तलवारीच्या टप्प्यात यावा लागत नाही. त्याची पत्रे येतात, त्याची माणसे भेटतात, त्याच्या निर्णयांनी उजाड झालेली घरे वाटेत लागतात. पात्रांना जेथे शस्त्र उपसणे परवडणार नाही अशा जागी, म्हणजे भर दरबारात, अंत्ययात्रेत किंवा तहाच्या बैठकीत, त्याला समोर आणणे हा एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे.

खलनायकाची कारस्थाने पडद्यामागे चालतात. ती खेळाडूंपर्यंत कशी पोहोचवावीत?

यासाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे घड्याळ, अर्थात भाग पाडलेले एक वर्तुळ, ज्याचा एकेक भाग घटना घडतील तसा रंगवत जायचा. ॲपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० मधील खेळात अशी उलटगणतीची घड्याळे होती, आणि २०१७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ब्लेड्स इन द डार्क या खेळाने चार, सहा आणि आठ भागांची घड्याळे खेळाच्या केंद्रस्थानी आणली. नियम कोणत्याही खेळाचे वापरत असलात तरी हे साधन जसेच्या तसे उचलता येते.

कोठारप्रमुखाचे सहा भागांचे घड्याळ असे असू शकते. पहिल्या भागाला दोन म्हातारी माणसे दिसेनाशी होतात. दुसऱ्याला शिध्याचे माप लहान होते. तिसऱ्याला पात्रांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाचे नाव खोडले जाते. चौथ्याला वेशीवरचा पहारा दुप्पट होतो, पाचव्याला नगरातल्या मुलांची नावेही खोडली जाऊ लागतात, आणि सहावा भाग भरला की खिंडीचा दरवाजा कायमचा बंद होतो. प्रत्येक भाग रस्त्यावर दिसेल अशाच घटनेचा असावा ही एकच अट आहे. 'खलनायकाची शक्ती वाढली' ही नोंद गेम मास्टरला समाधान देते, खेळाडूंना तिच्यातून काहीच कळत नाही. घड्याळ लपवून ठेवावे की टेबलावर सर्वांसमोर मांडावे याबद्दल मतभेद आहेत. मी उघडे ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण भरत जाणारे वर्तुळ डोळ्यांसमोर असले की 'आधी विश्रांती घेऊ की आधी वेशीकडे जाऊ' या निर्णयाला वजन येते.

शेवटच्या लढाईत खलनायक दोन फेऱ्यांत आडवा होतो. काय चुकते?

बहुतेक वेळा हिशोब चुकतो. पाच पात्रांना फेरीत पाच कृती मिळतात आणि एकट्या खलनायकाला एक. त्याचे प्राणबिंदू, म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा, कितीही वाढवले तरी ही तूट भरून निघत नाही, फक्त लढाई लांबते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत मोठ्या शत्रूंना लेजंडरी ॲक्शन्स, म्हणजे जादा कृती, दिल्या आहेत त्या याच कारणासाठी. त्या साधारणपणे फेरीला तीन असतात आणि इतरांच्या पाळीच्या शेवटी वापरता येतात. तुमच्या खेळात अशी सोय नसेल तर खलनायकासोबत साथीदार द्यावेत किंवा लढाईला दुसरा एखादा तातडीचा प्रश्न जोडावा. कोठाराला आग लागली आहे, आत माणसे आहेत आणि वही जळते आहे, अशा वेळी कोठारप्रमुखाला तलवार धरता येत नसली तरी प्रसंग अवघड राहतो.

ऑर्क किंवा ड्रो यांच्यासारख्या संपूर्ण काल्पनिक जमाती दुष्ट दाखवण्यावर आक्षेप का घेतला जातो?

या प्रश्नाला इतिहास आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पात्रांचा नैतिक कल व्यवस्था, तटस्थता आणि अराजक अशा तीन प्रकारांत मांडलेला होता. पुढे त्याला सुष्ट आणि दुष्ट हा दुसरा अक्ष जोडला गेला, आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये आजची परिचित नऊ घरे आली. प्राण्यांच्या नोंदींत प्रत्येक जमातीसमोर असा एकेक कल छापलेला असल्यामुळे, एखाद्या बोलणाऱ्या, घरे बांधणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या जमातीचे नैतिक मूल्य जन्मावरूनच ठरते हा समज पिढ्यान्‌पिढ्या न तपासता चालत राहिला. ज्या वाचकांनी स्वतःच्या समाजाबद्दल 'यांच्या रक्तातच आहे' असे शब्द ऐकले होते, त्यांना या नोंदींत ओळखीचे काहीतरी दिसले यात नवल नाही.

जून २०२० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी एक निवेदन काढून, ऑर्क आणि ड्रो यांना इतर लोकांइतकेच नैतिक आणि सांस्कृतिक गुंतागुंतीचे रंगवण्याची भूमिका जाहीर केली. त्याच निवेदनात व्हिस्टानी या भटक्या लोकांच्या चित्रणाचाही उल्लेख होता, कारण त्यात युरोपातील रोमा समाजाविषयीचे पूर्वग्रह जसेच्या तसे उतरले होते. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या नियमपुस्तकाने जन्मानुसार मिळणारी बळ, चपळाई अशा गुणांतली वाढ कोणत्याही गुणाकडे वळवण्याची मुभा दिली, आणि २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये 'रेस' या संज्ञेऐवजी 'स्पीशीज' ही संज्ञा आली. पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतच 'अँसेस्ट्री' (पूर्वजपरंपरा) ही संज्ञा स्वीकारली होती, आणि २०२३ च्या सुधारित पुस्तकांत नैतिक कलाची नऊ घरेच काढून टाकली.

तुमच्या टेबलावर मात्र हा प्रश्न संज्ञा बदलून सुटत नाही. ऑर्कांची टोळी गावावर चालून येत असेल तर ती याच गावावर का येते, याच वर्षी का येते आणि त्या टोळीत या हल्ल्याला विरोध करणारे कोण आहे, एवढे तरी गेम मास्टरला ठाऊक असावे. ही उत्तरे तयार असली की लढाईची धार कमी होत नाही आणि खेळाडूंना लढण्याखेरीज दुसरे मार्गही दिसू लागतात. त्याचबरोबर शत्रूच्या सैन्यात एकाच जमातीचे लोक आणि गावात दुसऱ्याच जमातीचे, अशी कप्पेबंद विभागणी मोडावी. कोठारप्रमुखाचा मदतनीस ऑर्क असेल आणि वही चोरून आणणारी बाईही ऑर्क असेल, तर कोणाचीही बाजू कपाळावर लिहिलेली राहत नाही.

मग राक्षस, पिशाच आणि चालती प्रेते यांनाही हेच लागू करायचे का?

तेवढी गरज नाही. मंत्राने उठवलेल्या सांगाड्याला समाज नसतो, मुले नसतात, पर्याय नसतात. तो ज्याच्या आज्ञेने चालतो त्याच्या निर्णयाचे ते हत्यार असते. कसोटी सोपी आहे : ज्या जिवांना जगात निवड करता येते त्यांना ती निवड करताना दाखवावे.

खलनायकाला व्रण, अपंगत्व किंवा मानसिक आजार द्यावा का?

देण्यापूर्वी ते तेथे कोणते काम करणार आहे हे तपासावे. भाजलेला चेहरा, तुटलेला हात, पांढरा पडलेला डोळा या खुणा 'हा वाईट माणूस आहे' असे सांगण्याची जलद युक्ती म्हणून इतक्या वेळा वापरल्या गेल्या आहेत की त्यांच्यातली भीतीही आता बोथट झाली आहे. टेबलावर बसलेल्या ज्या खेळाडूच्या अंगावर खरोखर तसा व्रण आहे, त्याला मात्र ती युक्ती दर वेळी तितकीच लागते.

मानसिक आजाराच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. 'तो वेडा आहे' हे स्पष्टीकरण खलनायकाला दुबळे करते, कारण वेडाच्या नावाखाली तो काहीही करू शकत असेल तर त्याच्या कोणत्याही कृतीचा अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाज बांधता न येणाऱ्या शत्रूशी डावपेच लढवण्याची मजाच उरत नाही. आजाराची खरी नावे खलनायकाला लावू नयेत. संशयी, हट्टी, एकाच विचाराने झपाटलेला असा माणूस त्याच्या वागण्यातून दाखवता येतो. त्यासाठी निदान करावे लागत नाही.

भीती निर्माण करण्याचे इतर मार्ग कितीतरी आहेत. कोठारप्रमुख कधीच आवाज चढवत नाही. तो पात्रांची नावे विसरत नाही. प्रत्येक भेटीत तो शिधा पुरतो का अशी आपुलकीने चौकशी करतो. तिसऱ्या भेटीपर्यंत हीच चौकशी अंगावर काटा आणते.

याचा अर्थ वंचित गटातले पात्र खलनायक असूच शकत नाही का?

अवश्य असू शकते, आणि असावेही. अपंग, समलिंगी किंवा अल्पसंख्य पात्रांना केवळ सोशिक आणि सद्गुणी ठेवणे म्हणजे त्यांना पूर्ण माणूसपण नाकारणे होय. अडचण येते ती कॅम्पेनमधले, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेतले, एकमेव समलिंगी पात्र हेच खलनायक असते तेव्हा. त्याच कथेत तशी ओळख असलेली आणखी दोन-तीन माणसे असली, एखादी सराईची मालकीण, एखादा कंटाळलेला पहारेकरी, एखादी विश्वासू सहकारी, तर खलनायकाचे कृत्य फक्त त्याच्या नावावर राहते.

समावेशक पात्र म्हणजे नेमके काय?

जे पात्र आपल्या ओळखीसह कथेत येते आणि त्या ओळखीपलीकडच्या कामासाठीही कथेला हवे असते, ते. एनपीसी, म्हणजे खेळाडूंऐवजी गेम मास्टर चालवतो ती पात्रे, तयार करताना यादीतल्या प्रत्येक नावासमोर त्याचे वय, लिंगभाव, शरीर आणि कुटुंब यांविषयी आपण काय गृहीत धरले आहे ते एकदा तपासून पाहावे. लोहार पुरुषच का, पहारेकऱ्याला दोन्ही कानांनी ऐकू येतेच का, जमीनदारीणबाईंचा जोडीदार पुरुषच का, याला बहुतेक वेळा 'सहज तसे लिहिले गेले' याखेरीज कारण नसते. तेथे केलेला बदल कथेला काही भार देत नाही, आणि जग अधिक खरे वाटू लागते.

स्वतःपेक्षा वेगळ्या ओळखीचे पात्र खेळावे का?

खेळावे, दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे हे या छंदाचे मोठे देणे आहे. पण त्याला तयारी लागते. ज्या गोष्टी नकलेने साधायच्या मोहात पाडतात, उदाहरणार्थ हेल, अडखळणे, हातवारे, त्या टाळाव्यात आणि पात्राच्या सवयी, कौशल्ये व नाती यांवर भर द्यावा. 'माझे पात्र खुणांनी सांगते की पूल सुरक्षित नाही' हे वाक्य सरळ आवाजात बोलले तरी पुरते.

समजा, एखादी खेळाडू कर्णबधिर वाटाडी खेळते आहे. पहिल्या सेशनपूर्वीच सर्वांनी ठरवावे की सोबतच्या पात्रांपैकी खुणांची भाषा कोणाला किती येते. दरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या सोबत्याशी ती ओरडल्याशिवाय बोलू शकते, आणि पहारेकऱ्यांच्या नाकासमोर आख्खा बेत ठरवू शकते. अंधाऱ्या भुयारात मात्र खुणा दिसत नाहीत. तेथे तिचा सोबती मनगटावर बोटांनी दाब देतो, एक दाब म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे कोणीतरी आहे, आणि हा संकेत त्या दोघांनी आधीच ठरवलेला असतो. येथे उणीव झाकायला तिला जादूचे कान दिलेले नाहीत, आणि तिचे कर्णबधिर असणे ही दर प्रसंगात सोडवायची समस्याही झालेली नाही. ती जगते तशी जगते आणि गट तिच्यासोबत काम करायला शिकतो. गेम मास्टरने करायचे ते एवढेच : वर्णन करताना 'तुम्हाला पावलांचा आवाज येतो' असे सरसकट न म्हणता तिला धुळीतला ठसा, फळीतला कंप किंवा सोबत्याचे अचानक वळलेले डोके दाखवावे.

अपंगत्व नियमांत कसे आणावे? दंड द्यावा की सवलत?

खेळाडूने मागितल्याशिवाय दोन्ही देऊ नये. २०२० मध्ये सारा थॉम्पसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी लढाऊ चाकाच्या खुर्चीचे नियम तयार करून खुले केले, आणि त्यामुळे चाकाची खुर्ची वापरणारे पात्र साहसी असू शकते का या चर्चेला ठोस उत्तर मिळाले. पुढच्याच वर्षी एका अधिकृत साहससंग्रहात चाकाच्या खुर्चीतून सर्वत्र जाता येईल असे तळघर आले. अजगर उडतात आणि मंत्राने माणसे बेडूक होतात अशा जगात उतार बांधणे अशक्य मानण्याचे काही कारण नाही. खेळाडूला आपल्या पात्राच्या मर्यादेतून अडचणी उभ्या राहाव्यात असे वाटत असेल तर त्या तिच्या सल्ल्याने ठरवाव्यात; तिला फक्त आपल्यासारखे कोणीतरी तलवार घेऊन धावताना पाहायचे असेल तर तेही तितकेच योग्य कारण आहे.

स्त्री-पुरुष या चौकटीबाहेरच्या पात्राविषयी मराठीत बोलताना क्रियापदे अडतात. काय करावे?

पात्र ज्याचे आहे त्या खेळाडूला विचारावे आणि सांगितलेले रूप सर्वांनी पाळावे. काही जण आदरार्थी अनेकवचन पसंत करतात, 'ते आले', 'त्यांनी दार उघडले'. काही प्रसंगानुसार 'तो' आणि 'ती' दोन्ही वापरतात. 'पात्राने', 'वाटाड्याने' अशी वाक्यरचना केली की भूतकाळात क्रियापद बहुधा कर्माप्रमाणे चालते आणि प्रश्न बराचसा टळतो. कोणाकडून चुकीचे रूप गेले तर ते सुधारून पुढे जावे, त्यावर खेळ थांबवू नये.

खलनायकाची क्रूरता कोठवर दाखवावी?

ही मर्यादा एकट्या गेम मास्टरने ठरवायची नसते. कॅम्पेन सुरू होण्यापूर्वी होणाऱ्या बैठकीत, ज्याला सेशन झिरो म्हणतात, ती सर्वांनी मिळून ठरवावी. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली लाइन्स आणि व्हेल्स ही पद्धत येथे उत्तम चालते. लाइनच्या पलीकडची गोष्ट खेळात घडतच नाही. व्हेलच्या आडची गोष्ट घडते, पण तिचे वर्णन न करता कथा पुढे सरकते. लहान मुलांना इजा, लैंगिक हिंसा, प्राण्यांचा छळ, गर्भपात, आत्महत्या हे विषय नावानिशी विचारावेत, कारण 'कोणाला काही अडचण आहे का?' असा मोघम प्रश्न केला की बहुतेक माणसे गप्प राहतात. वर दिलेल्या घड्याळात पाचव्या भागाला मुलांची नावे खोडली जातात. ज्या टेबलावर मुलांवरचा अत्याचार ही लाइन आहे तेथे तो भाग सरळ बदलावा.

आधी ठरवूनही काही गोष्टी ऐन खेळात टोचतात. त्यासाठी जॉन स्टाव्रोपोलोस यांनी २०१३ मध्ये तयार केलेले एक्स-कार्ड आहे. टेबलाच्या मध्यभागी 'एक्स' लिहिलेला कागद ठेवायचा, कोणीही त्याला हात लावला की चालू असलेला तपशील वगळायचा, आणि कारण विचारायचे नाही. कारण न विचारणे हा या साधनाचा प्राण आहे. ज्या माणसाला आपली जखम सांगून मग सुटका मिळवावी लागते, तो पुढच्या वेळी हात लावणार नाही.

अशा साधनांमुळे खेळ मिळमिळीत होतो असा आक्षेप येतो. माझा अनुभव उलट आहे. खाली जाळी आहे हे ठाऊक असलेले खेळाडू अधिक काळोख्या कथांमध्ये उतरायला तयार होतात, आणि खलनायकही अधिक निर्धास्तपणे खेळता येतो.

कथेत भेदभाव आणि पूर्वग्रह दाखवावेत की ते नसलेलेच जग घ्यावे?

दोन्ही मार्ग योग्य आहेत, पण निवड त्या पूर्वग्रहाची झळ प्रत्यक्षात सोसणाऱ्या खेळाडूंची असावी. जो भेदभाव त्यांना रोज बाहेर भोगावा लागतो तोच खेळातही नको, असे कोणी म्हटले तर त्यावर वाद घालू नये. 'त्या काळी असेच होते' हा युक्तिवाद काल्पनिक जगाला लागू पडत नाही, कारण तेथे काय होते हे आपणच ठरवतो. भेदभाव घ्यायचाच असेल तर त्याच्याशी लढता आले पाहिजे आणि त्या लढ्याने कथेत काहीतरी बदलले पाहिजे. केवळ वातावरणनिर्मितीसाठी खेळाडूच्या पात्राला वारंवार अपमान ऐकवणे ही क्रूरता आहे.

एखाद्या खेळाडूनेच दुष्ट पात्र आणले आणि 'माझे पात्र असेच वागेल' असे म्हटले तर?

पात्र खेळाडूनेच घडवलेले असते, त्यामुळे त्याच्या वागण्याची जबाबदारीही खेळाडूचीच राहते. दुष्ट पात्राला मज्जाव करण्याची गरज नाही, पण त्याने गटासोबत राहण्याचे कारण स्वतः आणावे आणि सोबत्यांवर चोरी किंवा हल्ला करण्याआधी त्या खेळाडूंची संमती घ्यावी. हे बोलणे पात्रांच्या तोंडून करू नये. खेळ थांबवून माणसांनी माणसांशी करावे.

खलनायक शरण आला तर कथा फिकी पडते का?

उलट काही वेळा तेथेच ती खरी पकड घेते. कोठारप्रमुख वही पुढे करतो आणि विचारतो की यंदाचे पीक निम्मे आले आहे, धान्य कोणाला द्यायचे ते आता तुम्ही सांगा. लढून जिंकलेल्या खेळाडूंना या प्रश्नाचे उत्तर लढून देता येत नाही. हा प्रसंग लिहिताना गेम मास्टरने उत्तर आधी ठरवून ठेवू नये आणि खेळाडूंनी दिलेले उत्तर, ते कितीही वेडेवाकडे असले तरी, पुढच्या सेशनमध्ये प्रामाणिकपणे घडू द्यावे. शिक्षेचे काय, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. खटला, हद्दपारी, क्षमा यांतला प्रत्येक पर्याय नगराला वेगळ्या ठिकाणी नेतो.

एकाच सेशनमध्ये संपणाऱ्या खेळात हे सगळे कसे बसवावे?

सगळे बसवू नये. खलनायकाची एक इच्छा, एक मर्यादा आणि पहिल्या अर्ध्या तासात दिसणारी एक कृती पुरते. घड्याळ चार भागांचे घ्यावे. पात्रे आधीच तयार करून देणार असाल तर त्यांची नावे आणि लिंगभाव रिकामे ठेवावेत, म्हणजे प्रत्येकाला स्वतः भरता येतील. अपंगत्व किंवा अन्य ओळख असलेली पात्रे ठेवायची असतील तर ती एकाहून अधिक असावीत आणि ती कोणावर वाटून न देता खेळाडूंना निवडू द्यावीत. लाइन्स आणि व्हेल्सची चर्चा थोड्या वेळात उरकते, एक्स-कार्ड समजावायला त्याहून कमी वेळ लागतो, आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर या दोन्हींना पहिल्या फाशाच्या आधी जागा द्यावी.